तांदूळ निवडण्यापुरता उजेड

"भिंती खरवड, धू, तुला आवडेल तो रंग दे. मी मध्ये बोलणार नाही. फक्त खिडकीच्या काचेला हात लावू नकोस, रूथ."

योखेवेदबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या टॅक्सीत बसल्या होत्या. मांडीवर कपड्यांची पिशवी, पिशवीत वरच प्रार्थनेचं पुस्तक. बीरशेबाच्या हॉस्पिटलात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा नेहेमिया ड्रायव्हरला "चल" म्हणाला, तरी बाईंनी डोकं बाहेर काढून सुनेला पुन्हा बजावलं, "काचेला नाही हं!"

"बरं आई. तुम्ही काळजी करू नका," रूथ म्हणाली.

टॅक्सी इस्रायलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावच्या उतारावरून वळली आणि रूथ दोन जिने चढून वर आली. या ऑपरेशनला सासूबाई कशा तयार झाल्या, ते तिचं तिलाच ठाऊक होतं. तीन वर्षं डॉक्टर सांगत होते आणि तीन वर्षं बाई म्हणत होत्या, "देवानं दिलेला पडदा आहे, देव काढील." पण गेल्या वर्षी पेसाखच्या सणाआधी त्यांनी तांदूळ निवडला. त्या सणात घरात गव्हाचा कण चालत नाही, म्हणून तांदूळ तीन-तीनदा निवडायचा, एकेक दाणा बोटाखालून घालवायचा. हे काम योखेवेदबाईंचं. रेवदंड्याला असताना त्यांच्या आईचं, त्याआधी आजीचं. घरात दुसऱ्या कुणी त्या ताटाला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी तीनदा निवडून झालेला तांदूळ रूथनं धुवायला घेतला आणि पाण्यात गव्हाचा एक दाणा तरंगला. तिनं तो गुपचूप उचलला. पण बाईंना दिसत कमी असलं तरी कळत कमी नव्हतं. संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तूच निवड, बाय."

त्यानंतर वर्षभर त्या बोलण्यात कुठेतरी मिटल्यासारख्या झाल्या. शेवटी रूथच म्हणाली, "आई, तुम्ही डोळा करून घ्या. तोवर मी स्वयंपाकघर उजळ करून ठेवते. यंदाचा तांदूळ तुम्हीच निवडायचा. हा माझा शब्द."

बाईंनी तिच्याकडे, म्हणजे ती जिथं असावी तिकडे, बराच वेळ पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याची चिठ्ठी मागितली.

आता शब्द दिला होता आणि समोर ते स्वयंपाकघर होतं.

सरकारनं बांधलेल्या चाळीवजा इमारतीतलं, चार माणसं उभी राहिली की भरणारं. भिंतीचा खालचा अर्धा भाग बाटलीसारख्या गर्द हिरव्या ऑइलपेंटचा. आधीच्या बिऱ्हाडानं दिलेला, मळ दिसू नये म्हणून. वरचा अर्धा एके काळी पांढरा होता म्हणे, पण रॉकेलच्या स्टोव्हनं तो चहाच्या चोथ्यासारखा करून टाकला होता. गॅस आला, काजळी तशीच राहिली. आणि ओट्यावरची ती खिडकी, तिची काच गर्द निळी. रूथ चार वर्षांपूर्वी ओफाकिमहून लग्न होऊन इथं आली तेव्हापासून ती तशीच होती. चौकटीलासुद्धा रंगाचे ओघळ लागून खिडकी बसून गेलेली, कधी उघडलीच नव्हती. नवी नवरी असताना रूथनं विचारलं होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ऊन लागतं गं." वाळवंटातलं गाव, ऊन लागतं म्हटल्यावर पुढे काय विचारायचं.

तिनं कामाला हात घातला. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून वरची काजळी धुतली. पहिल्या हाताला भिंतीवरून तपकिरी पाण्याचे ओघळ आले, ते थेट तिच्या कोपरापर्यंत. खालच्या हिरव्या रंगाला पॉलिश पेपर घासायचा होता, कारण तुळतुळीत ऑइलपेंटवर नवा रंग धरत नाही, साय धरल्यासारखा सुटून येतो. नणंद शोशी सैन्यातून सुट्टीवर आली होती. युनिफॉर्म काढून तिनं नेहेमियाचा जुना शर्ट घातला आणि वहिनीच्या हाताखाली उभी राहिली. ही पोरगी इथंच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिब्रूत यायचं आणि अगदीच चिडली तरच मराठीत.

"वहिनी, लष्करात सुद्धा एवढं घासायला लावत नाहीत," ती अर्ध्या तासात मराठीत म्हणाली.

"चिडलीस वाटतं."

"तू रंग दे ना सरळ. कोण बघतंय खाली काय आहे ते?"

"भिंत बघते," रूथ म्हणाली. "वर्षानं आपल्याला दाखवते."

भेगांत पुट्टी भरली, वाळली, पुन्हा घासली. सगळं घर पांढऱ्या धुरळ्यानं माखलं. शोशीच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या. आणि मग रूथ, ज्याची ती लहान पोरीसारखी वाट पाहत होती त्या कामाला निघाली. रंग निवडायला.

बाजारातलं रंगाचं दुकान जुडाभाऊंचं. मूळचे भायखळ्याचे. तिथे वडिलांचं हार्डवेअर होतं, इथे त्यांचं. येरुहाममध्ये मराठीतून रंग विकत घेण्याची सोय एवढ्या एका ठिकाणी.

"उजळ पाहिजे," रूथ म्हणाली. "पण हॉस्पिटलसारखा पांढरा नको. आईला हॉस्पिटलातून घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"मग हा घे. मस्का." त्यांनी डब्याचं झाकण उचकटलं. आत खरंच ताज्या लोण्याचा रंग. "यात चपाती बुडवून खावीशी वाटेल."

छोटा डबा घेऊन ती घरी आली. शोशीसमोर मोठ्या थाटात तिनं भिंतीवर हातभर पट्टा ओढला. दोघी मागे सरकून बघत राहिल्या.

पट्टा हिरवट होता. डबक्याच्या कडेला साय धरते, तसा.

"ओला आहे म्हणून असेल," रूथ म्हणाली.

वाळल्यावर तो आणखी हिरवट झाला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दुकानात हजर. "जुडाभाऊ, तुमचा मस्का नासलाय."

"काय बोलतेस! तीस वर्षांत माझा मस्का कुणी नासवला नाही." त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर तिच्याच डब्यातला रंग फासला आणि दारात उजेडात धरला. अगदी लोणी. "सांग आता. कुठं आहे हिरवं?"

रूथनं पुठ्ठा हातात घेतला, उलटा-पालटा केला, नखानं खरवडून पाहिला. मग तो तसाच समोर धरून घराकडे निघाली. रस्त्यानं लोक बघत होते, ती पुठ्ठ्याकडे बघत होती. चौकात मस्का. किराणा दुकानासमोर मस्का. जिन्यात थोडा काळपट, पण मस्काच. दार उघडलं, बाहेरची खोली ओलांडली, तरी मस्का. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून एक पाऊल आत टाकलं तशी त्याची साय झाली, डबक्यावरची.

ती मागे सरली. मस्का. आत गेली. हिरवा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिला हसू फुटलं. तिशीकडे झुकलेल्या अंगानं ती उंबऱ्यावर झोके घेतल्यासारखी पुढे-मागे करू लागली.

घराचं दार उघडं राहिलं होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या ब्राखा मावशी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. योखेवेदबाईंच्या मुंबईपासूनच्या मैत्रीण. एकाच विमानानं आलेल्या, समोरासमोर घरं मिळालेल्या.

"काय गं, सासू नाही म्हणून नाच चाललाय?"

"मावशी, इकडे या, गंमत बघा. बाहेर हा रंग लोणी आणि आत शेवाळ."

मावशींनी पुठ्ठा घेतला, आत नेला, बाहेर आणला. मग मान वर करून खिडकीकडे बोट केलं. "ही बया आहे ना तिथं. रंग कसा खरा दिसेल? ती काच म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या लढाईच्या वेळची. तेव्हा विमानांना उजेड दिसू नये म्हणून सगळ्यांनी काचा निळ्या केल्या होत्या. मोटारींचे दिवेसुद्धा. लढाई थांबली तशा आम्ही ब्लेडनं खरवडल्या. योखेवेदला किती वेळा म्हटलं, देते ब्लेड. ती म्हणते, ऊन लागतं."

"हो, मलाही तसंच म्हणाल्या."

"मग राहू दे तिचं ऊन तिच्याजवळ." मावशी हसून आपल्या घरात गेल्या.

रूथ ओट्याशी उभी राहिली. इतकी वर्षं ती रोज इथं उभी राहून कांदा चिरत होती आणि एक गोष्ट तिच्या मनात कधी आली नव्हती. सकाळी ऊन बाहेरच्या खोलीत येतं. संध्याकाळी झोपायच्या खोलीत. ही खिडकी उत्तरेची. या खिडकीत ऊन कधी येतच नाही.

आता मात्र तिला चैन पडेना.

"शोशी, ही काच कुणी रंगवली?"

"इमानं." आईला ती हिब्रूतलं इमा म्हणायची. शोशी हातावरचा रंग खरवडत होती. मग हळूहळू तिचं हिब्रू थांबलं आणि ती मराठीत आली. आठवत होतं ते मराठीतच घडलेलं असावं. "मी वाडगा धरला होता. तेरा वर्षांची असेन. दादा त्या दिवशीच लढाईवर गेला होता ना, दारफाळणीच्या सणाला, योम किप्पूरला. भर उपासात देवळाबाहेर ट्रक आला, तिथूनच गेले. इमा रंग लावत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, प्रार्थना."

"आणि लढाई संपल्यावर?"

"दादा आला त्या दिवशी मी आनंदानं ब्लेड घेऊन ओट्यावर चढले. इमानं खाली ओढलं आणि एक ठेवून दिली. जन्मात एकदाच मारलं तिनं मला, ते तेव्हा."

रात्री जेवताना रूथनं नवऱ्याला विचारलं. सासूबाईंसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, एरवी नुसतं नेहेमिया. "नेहेमिया, त्या काचेचं काय आहे?"

"आईचं काहीतरी आहे." त्यानं भात कालवला. "मी एकदा विचारलं. म्हणाली, तू आलास ना, जेव."

सकाळची प्रार्थना म्हणताना रूथचं लक्ष दोनदा खिडकीकडे गेलं. तिनं देवाची मनात माफी मागितली, डब्यात मऊ खिचडी भरली आणि बीरशेबाची बस पकडली.

योखेवेदबाई उशीला टेकून बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी. हलायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, त्यामुळे त्या वार्डात सर्वांत शहाण्या रोग्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"झाला का रंग?"

"कुठला! रंग निवडता निवडताच दमले." आणि रूथनं त्यांना पुठ्ठ्याची सगळी गोष्ट सांगितली, नाचासकट. बाईंना हसू येत होतं आणि हसायची बंदी होती. त्या ओठ दाबून धरत होत्या. मग रूथ हळूच म्हणाली, "आई, त्या खिडकीत ऊन येत नाही."

बाईंचे ओठ सैल पडले.

"मी काचेला हात लावलेला नाही," रूथ म्हणाली. "लावणारही नाही. पण विचारलं तर चालेल का?"

शेजारच्या खाटेवरची बाई रशियन होती, मराठी कळायचा प्रश्न नव्हता. तरी योखेवेदबाईंनी आवाज उतरवला.

"नवस आहे तो. ट्रक निघाला तेव्हा त्यात नेहेमिया होता आणि ब्राखाचा योराम होता. एका फळीवर बसले होते, शेजारी शेजारी. मला दोघांसाठी वेगवेगळं मागवेना. घरी येऊन काच रंगवली आणि एलियाहू हन्नाबींना म्हटलं, हे दोघे आपापल्या उंबऱ्यात परत उभे राहू देत. त्या दिवशी ही काच पुसीन आणि तुझ्या नावानं मलिदा करीन. तोवर माझ्या चुलीला दिवसाचा उजेड नको."

मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं आणि वर गुलाबाचं फूल. नवस फेडायचा तो असा, एलियाहू प्रेषिताच्या नावानं, चार घरं बोलावून.

"पण दोघेही आले ना, आई? योराम एलात शहरात आहे. हॉटेलात कामाला."

"जिवंत आला. उंबऱ्यात आला नाही." बाईंनी पांघरुणाची किनार सरळ केली. "तो जखमी होऊन हॉस्पिटलात पडलेला, आणि इकडे त्याचा बाप, शलोमो, छातीत कळ येऊन गेला. पोराला मातीला येता आलं नाही. बरा झाला तो तसाच एलातला गेला. ब्राखा वर्षातून एकदा जाऊन त्याला बघून येते. तो काही इकडे येत नाही. दर सणाला म्हणतो, हॉटेल भरलेलं असतं."

"मग तुम्ही ब्राखा मावशींना हे..."

"नाही!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की नर्सनं वळून पाहिलं. "तिला कळता कामा नये. आपल्या पोरापायी योखेवेदच्या घरात सहा वर्षं अंधार, हे तिला कळलं तर ती माझ्या घरचं पाणी पिईल का? नेहेमिया आला त्या दिवशी समोरचं दार बंद होतं, रूथ. आत ती एकटी बसली होती. आणि मी इकडे काच खरवडायची? मलिदा वाटायचा?"

रूथनं डबा उघडला. तिनं खिचडी भरवायला घेतली.

"मी तुम्हाला शब्द दिलाय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तांदूळ निवडण्यापुरता उजेड आणीन म्हणून."

"रंग दिलास की होईल तेवढा उजेड. ब्राखाला सांगणार नाहीस ना?"

"मावशींना सांगणार नाही."

परतीच्या बसमध्ये तिचं डोकं चालू झालं. काच तशीच राहणार. मग भिंतीनंच काहीतरी केलं पाहिजे. तिला आठवलं, सासूबाई पांढऱ्या कपड्यांना नीळ देताना दर वेळी तेच सांगत: नीळ नखभरच घालायची, कपडा जुनाट पिवळा पडतो, ती पिवळाई नीळ मारते. चुन्यातसुद्धा तिकडे नीळ घालत. म्हणजे निळं पिवळ्याला मारतं. आपल्या स्वयंपाकघरात नीळ तर खिडकीतच बसली आहे, नखभर नव्हे, चांगली घमेलंभर. मग भिंत तिला पुरून उरेल अशी पाहिजे.

ती बसमधून उतरली ती थेट दुकानात.

"जुडाभाऊ, मस्क्यात तांबूस घाला."

"किती?"

"माहीत नाही. घालत जा, मी पुठ्ठे नेऊन बघते."

त्या दिवशी बाजारानं रूथला पुठ्ठे घेऊन इतक्यांदा जाता-येताना पाहिलं की किराणावाल्यानं विचारलं, निवडणूक आहे का. नुसता पिवळा वाढवला तर शेवाळ दाट होत होतं. गेरूसारखा तांबडा थेंबाथेंबानं चढवला तर शेवाळ ओसरत होतं. शोशीसुद्धा यात ओढली गेली. ती स्वयंपाकघरात बसून ओरडायची, "अजून आजारी!", "आता जरा बरा!", आणि शेवटच्या पुठ्ठ्याला ती काही बोललीच नाही. रूथनं आत येऊन पाहिलं. पुठ्ठा पांढरा दिसत होता. दुधाचा पांढरा, किंचित ऊबदार.

दारात नेऊन पाहिला तर तो पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा होता.

"हा रंग स्वयंपाकघराला?" जुडाभाऊंनी कपाळाला हात लावला. "लग्नाचा मांडव आहे का? तुझी सासू मला शिव्या घालील."

"त्यांना पांढरा दिसेल."

"जर्दाळू पांढरा दिसेल! काय गं, तुझेही डोळे तपासून घे एकदा."

पण त्यांनी कालवून दिला. आधी भिंतीला अस्तराचा हात, त्यावर दोन हात रंगाचे. नेहेमियानं छत केलं, नणंद-भावजयांनी भिंती. गर्द हिरवं गेलं, चोथा गेला. मधोमध उभं राहिलं की चहू बाजूंनी साधा, शांत पांढरा रंग. स्वयंपाकघर मोठं झाल्यासारखं वाटत होतं. ब्राखा मावशी बघायला आल्या, दारात सांडलेल्या जर्दाळू थेंबाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जादू शिकलीस कुठं?"

रूथला त्यांच्या डोळ्यांत बघवलं नाही. ती ब्रश धुवायला वळली.

"योरामला असले उद्योग फार आवडायचे," मावशी मागून म्हणाल्या. "हे रंग मिसळ, ते मिसळ. आता हॉटेलात शंभर माणसांची भांडी चढवतो उतरवतो, आणि आईच्या ताटाशी बसायला त्याला वेळ नाही."

पेसाख जवळ आला तशा योखेवेदबाई घरी आल्या. भिंगासारख्या जाड काचांचा चष्मा. त्यातून त्यांचे डोळे मोठे, लहान मुलासारखे दिसत होते. त्या जिना चढताना प्रत्येक गोष्टीशी थांबत होत्या. कठड्याचा गंज, शोशीच्या गालावरचा तीळ, नेहेमियाचे पांढरे केस. "हे कधी झाले?" त्यांनी मुलाला विचारलं, जणू त्यानं परवानगीशिवाय केले होते.

"तू बघत नव्हतीस तेव्हा," नेहेमिया म्हणाला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या उभ्या राहिल्या. बाईंनी भिंती पाहिल्या, एकेक करून, हात फिरवून. "गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "पांढरी आहे. छान केलंस." आणि मग त्यांची नजर वर गेली आणि तिथंच थांबली.

"रूथ, ही काच इतकी निळी होती?"

"हो, आई."

"इतकी?"

"पहिल्यापासून अशीच आहे."

"मला ती काळपट दिसायची. साधी, मळलेली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं, हे तर... तुम्ही सगळे या उजेडात राहत होता?"

शोशीनं आईच्या हातातली पिशवी घेतली.

दुपारी बाईंनी स्वतःच तांदळाचं ताट मागितलं. ओट्याशी स्टुलावर बसल्या, पदर खोचला, प्रार्थनेचे दोन शब्द म्हटले आणि बोटांनी तांदूळ पसरला. रूथ भाजी चिरायच्या निमित्तानं तिथंच होती. बाईंचं बोट एका दाण्यावर थांबलं. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. पुन्हा ताटात टाकला. दुसरा उचलला. भिंतीवर पांढरेपणा होता, पण ताटात पडणारा उजेड तोच निळा होता. त्यात तांदूळ, गहू, खडा, सगळी एका रंगाची लेकरं. दिवा लावून पाहिला तर बाईंच्या हाताची सावली ताटावर पडली आणि जाड भिंगात दिव्याच्या चकत्या नाचू लागल्या.

रूथला वाटलं, बाहेरच्या खोलीत ताट न्या म्हणावं. पण ते म्हणायचं कसं? चुलीसमोर निवडायचा, चुलीवर चढवायचा. बाईंच्या घराण्यात तसंच चालत आलेलं.

बाईंनी ताट बाजूला सरकवलं. "आज नको. डोळा नवा आहे. परवा-तेरवा बघू." मग थोड्या वेळानं, अगदी सहज, "नाहीतर तूच निवड, बाय."

आवाज गेल्या वर्षीचाच होता.

संध्याकाळी नेहेमिया कारखान्यातून आल्यावर रूथनं त्याला गच्चीवर नेलं आणि नवसाची गोष्ट सांगितली. फक्त ब्राखा मावशींना न सांगण्याचा शब्द होता. नवऱ्याचं नाव त्यात नव्हतं, हे तिनं बसमध्येच मनाशी नीट तपासून घेतलं होतं. तो कठड्याला टेकून खालच्या दिव्यांकडे पाहू लागला.

"मी जाऊन आलो होतो त्याच्याकडे," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. आम्ही दोघं समुद्राकाठी बसून राहिलो. मी त्याला ये म्हणू शकलो नाही, तो मला नाही म्हणू शकला नाही. मी परत आलो."

"तुमचं दोघांचं काय ते ट्रकमधलं. मी ट्रकमध्ये नव्हते," रूथ म्हणाली. "मी त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मी विचारू शकते."

"काय विचारशील?"

"मला कुठं माहीत आहे? आधी बघते तरी, कसा आहे तो. ज्याच्यामुळे माझा मस्का नासला."

नेहेमियाला हसू आलं, आणि मग त्यानं तोंड फिरवलं.

पहाटे तिनं अंघोळ केली, शेमाची प्रार्थना म्हटली, सासूबाईंच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. त्या जाग्या असाव्यात. पिशवीत तिनं चपात्या आणि अंड्याची पोळी बांधली, पाण्याची बाटली ठेवली. मग शेवटचा पुठ्ठा घेतला, जर्दाळू रंगाचा. तो हातात धरून ती क्षणभर काचेखाली थांबली. पांढरा. पिशवीत घातला. नवऱ्याच्या दाढीच्या सामानातून एक कोरं ब्लेड काढलं, कागदात गुंडाळलं आणि पुठ्ठ्याच्या मागे सरकवलं. काचेला ती हात लावणार नव्हती. ज्याच्यासाठी ती काच रंगली, त्याच्या हाताबद्दल मात्र सासूबाई काहीच म्हणाल्या नव्हत्या.

दार ओढून घेताना समोरचं दार किलकिलं झालं.

"एवढ्या सकाळी कुठं गं?" ब्राखा मावशींनी विचारलं. "सण तोंडावर आलाय."

"रंगाचं थोडं काम राहिलंय, मावशी."

"अजून? जुडाचं दुकान तरी उघडलं असेल का?"

"दुकानात नाही. जरा लांब जायचंय."

मावशींनी तिच्या पिशवीकडे पाहिलं, तिच्या चांगल्या साडीकडे पाहिलं. "जपून जा," त्या म्हणाल्या.

रूथनं दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावली, ती ओठांना टेकवली आणि चपलांचा आवाज होऊ न देता जिना उतरली. दिमोनाची पहिली बस चौकात दिवे लावून उभी होती; तिथून पुढे एलातची मिळणार होती. ड्रायव्हरनं कुठं म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, आणि खिडकीजवळची जागा धरली.

काच स्वच्छ होती. तिनं पिशवीतून पुठ्ठा अर्धा वर काढून पाहिला. पूर्वेकडे फटफटत होतं, आणि त्या उजेडात तो हळूहळू आपल्या खऱ्या रंगाला येत होता.